सरकी आणि चिंचोका

पेटीकडे बघण्याआधी नाना डोळे धुवायचे. माठातलं पाणी ओंजळीत घ्यायचे, त्यात डोळे बुडवून दोनदा उघडझाप करायचे आणि न पुसता तसेच वाळू द्यायचे. पुसलं की डोळा लाल होतो आणि लाल डोळ्याला रंग वेगळा दिसतो, असं ते म्हणत. रंगारी हसायचे. "देवदर्शनाला चालले का हो नाना?" असं कुणी ना कुणी रोज विचारायचंच. नाना ओल्या पापण्यांनी छताकडे बघत उभे राहायचे. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर ठिबकत असायचं.

जळगावला रेल्वेच्या रुळांपलीकडे आमचा कारखाना होता. तिथे पत्र्याच्या पेट्या व्हायच्या. लग्नात मुलीला देतात त्या, कडी-कोयंड्याच्या. एका शेडमध्ये पत्रा कापून ठोकायचे, दुसऱ्यात रंग द्यायचे, मग भट्टीत वाळवायचे. वाळलेली पेटी आम्ही बाया मऊ फडक्याने पुसायचो. मग ती नानांपुढे जायची. नाना पास म्हणाले तर कोठीत, नापास म्हणाले तर परत रंगाऱ्याकडे. त्याने ती खरवडून पुन्हा रंगवायची, आणि ते काम फुकट.

मी पहूरला माहेरी असताना चौथीपर्यंत शिकले. लग्न होऊन जळगावात आले. माझे मालक, म्हणजे यजमान, सरकी काढायच्या जिनात होते. कापसाचा कस्तर, ती बारीक धूळ, छातीत जाऊन त्यांना खोकला लागला आणि ते घरी बसले. तेव्हा लहान मुलाला सासूबाईंकडे ठेवून मी कारखान्यात पेट्या पुसायला लागले. मला चार माणसांत बोलता येत नाही. लहानपणापासून तसंच आहे. शब्द घशापर्यंत येतो आणि तिथेच बसतो. पुसायच्या कामाला बोलावं लागत नाही म्हणून मला ते काम बरं वाटलं.

नाना धुळ्याचे. तिथे मोटारींच्या सांगाड्यांना रंग देण्याच्या एका कारखान्यात त्यांनी पुष्कळ वर्षं काम केलं होतं. बारीक, उंच, खांद्यातून वाकलेले. बायको लवकर गेली, मूल नव्हतं. धुळ्याला भाऊ होता, पण त्याच्याशी पटत नव्हतं. जळगावात एक खोली घेऊन एकटेच राहायचे. खानावळीत जेवायचे, पण कामाच्या दिवशी दुपारी जेवत नसत. जेवलेला डोळा झोपाळू असतो आणि झोपाळू डोळा सगळं पास करतो, असं त्यांचं म्हणणं.

आल्या आल्या त्यांनी शेठकडे एक खिडकी मागितली. शेठ म्हणजे कारखान्याचे धनी. त्यांनी विचारलं, "शेडला चार खिडक्या आहेत, त्या कमी पडतात का?" नाना म्हणाले, "आहेत त्या चारही चुकीच्या बाजूला आहेत. मला उत्तरेची पाहिजे. उत्तरेचा उजेड दिवसभर रंग बदलत नाही." सुतार आला, भिंत फोडली, खिडकी झाली. मग नानांनी आतल्या तिन्ही भिंतींना चुना लावून घेतला. सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी तीनच्या नंतर ते एकही पेटी बघत नसत. दारात पेट्यांची रास लागली तरी नाही. फोरमन ओरडायचा, "नाना, गाडीवाला खोळंबलाय!" नाना म्हणायचे, "त्याला म्हणावं, सूर्याला सांग."

छताच्या वाशाला त्यांनी एक सुतळी बांधली होती. तिच्या टोकाला गाठ. पेटी चौरंगावर ठेवली की नाना ती गाठ कपाळाला लावून उभे राहायचे. गाठ कपाळाला टेकली म्हणजे डोळा आणि पेटी यांत रोज तेवढंच अंतर. एक पाऊल पुढे नाही, एक पाऊल मागे नाही. मग ते मनात दहा मोजायचे. ओठ हलताना दिसायचे. दहा झाले की डोळे मिटायचे. मी एकदा हळूच विचारलं, दहाच का? कारखान्यात मी विचारलेला तो पहिला प्रश्न असेल. नाना म्हणाले, "अक्का, दहाच्या पुढे बघत राहिलं तर दोष सापडतोच. माणसाच्या तोंडावरसुद्धा सापडतो."

माझ्याहून तीस वर्षांनी मोठे असून ते मला अक्का म्हणायचे.

रंगाचे दोष त्यांनी मला एकेक करून शिकवले. ओघळ, म्हणजे रंग जास्त होऊन खाली उतरलेला. फोड. टाचणीच्या टोकाएवढी भोकं. मोसंबीच्या सालीसारखा खरखरीतपणा. कुंच्याचा अडकलेला केस. चैत्र-वैशाखात आमच्याकडे वारा सुटतो तेव्हा ओल्या रंगावर बसलेली धूळ. पण हे दोष कुणालाही दिसतात, ते म्हणायचे. भांडण होतं ते थोड्याशा दोषावर. थोडासा ओघळ चालेल की नाही? एक भोक चालेल, दोन चालतील का? ते ठरवायला त्यांनी पत्र्याचे तीन तुकडे रंगवून ठेवले होते. एक चांगला, एक नको असलेला, आणि एक मधला. मधल्यापेक्षा वाईट ते नापास. हे तुकडे काळ्या कापडात गुंडाळून पेटीत ठेवलेले असायचे, कारण उजेडाने तुकड्याचाही रंग उतरतो. दर सहा महिन्यांनी ते नवे तुकडे करायचे.

फोरमन म्हणायचा, "एवढं सोनं तोलतात का सराफाकडे?" नाना म्हणायचे, "सोनं चुकलं तर ताजव्याला दोष देता येतो. इथे माणसाला देतात."

त्यांचं एकच वाक्य सगळ्या कारखान्याला पाठ झालं होतं. रंगारी त्यांची नक्कल करायचे, सुतळी कपाळाला लावल्यासारखं करून म्हणायचे, "बरी-वाईट मागून, आधी सारखी." म्हणजे आज जी पेटी नापास, ती उद्याही नापास, परवाही. सकाळी जी, तीच दुपारी. ज्या रंगाऱ्याशी भांडण झालं त्याचीही तशीच, जो पान देतो त्याचीही तशीच. घरून कधी ते चिडून आले तर खिडकीशी जातच नसत. "आज डोळा रागावलाय," म्हणून तासभर बाहेर निंबाखाली बसायचे.

माझ्या लुगड्यावरून एकदा मोठा गोंधळ झाला. तेव्हा नानांनी मला नुकतंच मदतीला घेतलं होतं. मी लाल लुगडं नेसून खिडकीशी उभी राहिले की पेटीच्या चकचकीत अंगावर लाल झाक पडायची. नाना सरळ म्हणाले, "अक्का, उद्यापासून पांढरं नेसून ये." मी घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंनी पितळी आपटली. "जित्या नवऱ्याच्या बाईला पांढरं नेसवून राह्यला तो म्हातारा? त्याला सांग, आधी माझ्या लेकाला खांदा दे म्हणा!" माझे मालक खाटेवर खोकत होते, ते हसायला लागले आणि त्यांना आणखी खोकला आला. दुसऱ्या दिवशी मी लालच नेसून गेले आणि कोपऱ्यात उभी राहिले. का ते सांगता येईना. पुसणाऱ्या दुसऱ्या बायांनी नानांना सांगितलं. नाना इतके शरमले की दिवसभर माझ्याकडे बघितलं नाही. दोन दिवसांनी त्यांनी राखाडी मांजरपाटाचा एक झगा आणला, गळ्यापासून पायापर्यंत. स्वतः शिवलेला, टाके वाकडे. "हा वरून घाल," म्हणाले. "राखाडी कुणाचंच नसतं." त्यांनी स्वतःसाठीही तसाच एक शिवला होता.

मला का घेतलं, तेही सांगते. त्यांना दुसरा डोळा हवा होता. एकट्याच्या डोळ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. दुसऱ्याने पहिल्याचं ऐकून नव्हे, आपलं आपण बघून सांगायला पाहिजे. आधी त्यांनी एका कारकुनाला घेतलं. तो नानांचं तोंड बघून बोलायचा. मग एका म्हाताऱ्या रंगाऱ्याला घेतलं. तो उगाच वाद घालायचा. शेवटी ते आम्हा बायांकडे आले आणि एकेकीला विचारू लागले. मी मान खाली घालून उभी होते. नाना म्हणाले, "ही बोलत नाही. हीच पाहिजे."

बोलण्याऐवजी त्यांनी वाट्या केल्या. दोन पितळी वाट्या, मध्ये उभी फळी. प्रत्येकाजवळ दोन पुरचुंड्या. एकीत सरकी, एकीत चिंचोके. पेटी बरी वाटली तर वाटीत सरकी टाकायची, नको वाटली तर चिंचोका. आधी नाना बघायचे, आपल्या वाटीत टाकायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. मग मी गाठ कपाळाला लावून दहा मोजायचे, माझ्या वाटीत टाकायचे. मग फळी उचलायची. दोन्ही सारखं असलं तर निकाल झाला. वेगळं असलं तर पेटी बाजूला, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. तेव्हाही वेगळं आलं तर मधला तुकडा शेजारी ठेवून बघायचं.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. मी न बोलता माझं मत देत होते आणि कुणी तरी ते मानत होतं. वीस पेट्यांत एखाद-दुसरीला फरक पडायचा. कधी मधल्या तुकड्याने माझं बरोबर ठरायचं. तेव्हा नाना मान हलवून म्हणायचे, "मी चुकलो. लिहून ठेव, आज नाना चुकला." आणि खरंच खडूने भिंतीवर रेघ मारायचे.

धुळ्याची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, निंबाखाली. तिथे त्यांच्या हाताखाली एक तरुण रंगारी होता. त्याने रंगवलेलं एक दार नानांनी संध्याकाळी नापास केलं. मालक तिथेच उभा होता. त्याने त्या पोराला तेव्हाच काढून टाकलं. सकाळी नानांनी तेच दार बघितलं तर त्यात काही नव्हतं. संध्याकाळच्या पिवळ्या उन्हाने डाग दाखवला होता. नाना त्याच्या गावी गेले. घराला कुलूप होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, माणसं सुरतेकडे गेली. नाना मला म्हणाले, "दाराचा दोष नव्हता, पोराचा दोष नव्हता. वेळेचा होता. आणि वेळ मी निवडली होती." मग म्हणाले, "अक्का, ज्या दिवशी माझा डोळा खोटं बोलायला लागेल, त्या दिवशी मला सांग. त्याच दिवशी उठून जाईन. एवढं एक तू कर."

मी मान हलवली.

लढाई सुरू झाली तसा विलायती रंगाचा डबा मिळेनासा झाला. शेठने नवा नियम काढला. एका आठवड्यात ज्याच्या तीन पेट्या नापास, त्याने घरी बसायचं. आता नानांच्या दहा आकड्यांवर माणसाची भाकरी ठरू लागली.

त्याच सुमारास फरक वाढायला लागला. वीस पेट्यांत आधी तीन, मग पाच. फरक पडायचा तो बहुतेक निळ्या पेट्यांवर. माझी सरकी, नानांचा चिंचोका. मला काही दिसायचं नाही आणि त्यांना मळकट डाग दिसायचा. मधला तुकडा ठेवून बघितला तरी ते म्हणायचे, तुकडाच बिघडलाय. त्यांनी नवे तुकडे केले. भिंतींना पुन्हा चुना लावला. सुतळी बदलली. दिवसातून चार-चारदा डोळे धुवायला लागले. एके दिवशी वीसपैकी सात वेगळ्या आल्या. नाना स्टुलावर बसले.  मला म्हणाले, "अक्का, माझाच जातोय की काय?" मी चिंचोके पुरचुंडीत भरत राहिले. "भाऊ घरात घेणार नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "इथून उठलो तर मी कुठे बसू?"

मग उठून त्यांनी पुढची पेटी बघितली, वाटीत टाकलं आणि भिंतीकडे वळले. टक् असा आवाज झाला.

आवाज होतो हे मला आधीपासून माहीत असणार, पण तोवर मी कधी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. चिंचोका पितळेवर पडला की टक् वाजतो. सरकीला कापसाची लव असते, ती पडलेली कळत नाही. मी पेटीसमोर उभी राहिले. गाठ कपाळाला लावली. पेटी निळी होती, स्वच्छ होती. माझा हात आपोआप चिंचोक्यांकडे गेला.

नानांनी फळी उचलली. दोन्ही वाट्यांत चिंचोके. नानांच्या तोंडावर जे आलं ते मी विसरू शकत नाही. बुडणाऱ्याच्या पायाला जमीन लागावी तसं.

एकदाच, असं मी मनाशी म्हटलं. पण दुसऱ्या दिवशीही मी ऐकलं, तिसऱ्या दिवशीही. पुढे पुढे मी पेटीकडे नीट बघेनाशीच झाले. गाठ कपाळाला लावून दहा मोजायचे आणि कान सांगेल ते टाकायचे. नाना मोठ्या आनंदात होते. महिनाभरात एकही फरक पडला नाही तेव्हा त्यांनी गूळ-शेंगदाणे आणून सगळ्या कारखान्याला वाटले. "धुळ्याला एवढी वर्षं धडपडलो, जमलं नाही," ते फोरमनला सांगत होते. "आता दोन माणसांचा एक डोळा झालाय." फोरमन शेंगदाणे खात म्हणाला, "मग एकाचा पगार वाचला की!" सगळे हसले. मी हातातले शेंगदाणे पदरात बांधून घरी नेले. सासूबाईंनी विचारलं, "कशाचे?" मी शेंगदाणे डब्यात ओतले.

निळा रंग द्यायचा तो दगडू. धुळ्याकडच्या खेड्यातला. बायको आणि दोन मुलींना घेऊन रुळांपलीकडे झोपडीत राहायचा. हात अगदी हलका. कुंचा मारलेला कळायचा नाही. पूर्वी त्याची पेटी क्वचित परत जायची. आता आठवड्याला दोन जायला लागल्या. तो खरवडायचा, पुन्हा रंगवायचा. एकदा दारात उभा राहून म्हणाला, "नाना, बठ्ठा कारखानामा मीच एकला वाईट रंग देस का?" नानांनी त्याला फळी उचलून वाट्या दाखवल्या. "माझं एकट्याचं नाही, दगडू. हे बघ, दोघांचं सारखं." दगडूने वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी झग्याची बाही नीट करत राहिले.

मग त्याने जे केलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. सोमवारी पास झालेली आपली एक निळी पेटी त्याने कोठीतून गुपचूप काढली आणि गुरुवारी नव्या पेट्यांत ठेवून पुन्हा पाठवली. सोमवारी नानांनी तिच्यावर सरकी टाकली होती, मीही टाकली होती. गुरुवारी आभाळ भरलं होतं. टक् असा आवाज आला. मी चिंचोका टाकला. त्या आठवड्यातली त्याची ती तिसरी.

दगडू आत आला. मागून फोरमन आणि चार रंगारी. दगडू शांतपणे म्हणाला, "नाना, ही पेटी सोमवारले तुम्हीच पास करी व्हती. कडीना खाले मी खिळाघाई रेघ मारी ठेयेल शे. दखा."

नानांनी बोट फिरवलं. खिळ्याने मारलेली रेघ होती. ते काही बोलणार तोच फोरमन ओरडला, "म्हणजे तू पास झालेला माल कोठीतून काढलास? चोर आहेस!"

"चोर व्हतू तर घर लई जातू," दगडू म्हणाला. "तुमना डोया बिघडेल शे, नाना. राग नका धरू. पन मले दोन पोरी शेतस."

नानांनी पुन्हा त्या रेघेवर बोट ठेवलं. ते म्हणाले, "दगडू, मी एकटा असतो तर आत्ता मान्य केलं असतं. पण दोन डोळे चुकत नाहीत. पेटी कोठीत घासली असेल, काही झालं असेल." आणि माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर विचारलं, "अक्का, तू सांग. तुझ्या डोळ्याला काय दिसलं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. दगडूही. शब्द घशापर्यंत आला होता. एवढंच म्हणायचं होतं की पेटी चांगली आहे. मी मान खाली घातली.

"बघ," नाना दगडूला हलकेच म्हणाले. त्यांना वाटलं मी लाजतेय.

तीन नापास आणि वर कोठीतला माल काढला. शेठने दगडूला त्याच दुपारी काढून टाकलं. जाताना त्याने आपले कुंचे रॉकेलमध्ये धुतले, पुसले आणि कपाटात ठेवून दिले. कारखान्याचेच होते ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा नाना डोळे धुऊन उभे होते. त्यांनी कालच्या आणि परवाच्या दहा पेट्या मांडून घेतल्या होत्या, सगळ्या निळ्या; कडीखाली रेघ असलेलीही त्यांत होती. म्हणाले, "अक्का, हे आपण पुन्हा बघू." त्यांनी पहिली पेटी बघितली, वाटीत टाकलं, भिंतीकडे वळले.

आवाज आला नाही. मी सरकी टाकली. फळी उचलली तर नानांच्या वाटीत चिंचोका. वाटीच्या तळाशी त्यांनी आपलं उपरणं घडी करून ठेवलं होतं.

त्यांनी चिंचोका पुरचुंडीत टाकला. दुसरी पेटी ठेवली. मग तिसरी. मला पळून जावंसं वाटत होतं, पण ते दर वेळी तितक्याच शांतपणे म्हणायचे, "बघ." आणि कित्येक महिन्यांनी मी खरंच बघत होते. दहा पेट्या झाल्या. सहा वेगळ्या आल्या.

"काल संध्याकाळी मी वाट्या घासल्या," नाना म्हणाले. "हातातला चिंचोका आत पडला. तेव्हा ऐकू आलं." मग विचारलं, "कधीपासून?"

मी बोटांनी दाखवलं. चार महिने.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी झगा काढला, घडी केली आणि स्टुलावर ठेवला. शेठकडे गेले, त्यांचा डोळा गेला असल्याचं सांगितलं, दगडूचं काम निर्दोष असल्याचं सांगितलं. शेठ म्हणाले, बघू. नाना थांबले नाहीत. रुळांपलीकडे दगडूच्या झोपडीवर गेले. चूल विझलेली होती, माणसं पहाटेच निघून गेली होती. कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. धुळ्यानंतर हे दुसऱ्यांदा.

नाना कारखान्यात परत आले नाहीत. शेठने मला विचारलं, "तू बघशील का नानांच्या जागी?" मी मान हलवून नाही म्हटलं. मग फोरमनच बघू लागला. दारात उभा राहून, बिडी ओढत, सकाळ-दुपार कधीही. सुतळीचा कुणी तरी कपडे वाळत घालायला उपयोग केला. खिडकीसमोर पेट्यांची थप्पी लागली. मी आणखी दोन वर्षं पेट्या पुसल्या.

त्यानंतर एकदाच नाना आमच्या घरी आले. हातात काठी होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पांढरा दिसत होता. रस्त्यातल्या कुणाला तरी विचारत विचारत आले होते. ओट्यावर बसले. सासूबाईंनी पाणी दिलं. मी दाराआड उभी होते.

"अक्का आहे ना घरात?" नानांनी विचारलं. "दगडूचा पत्ता लागलाय. अमळनेरला बाजारात पोती वाहतो. कुंचा हातात धरत नाही म्हणे. म्हणतो, माझ्या हातातच खोट आहे. दोन डोळ्यांनी सांगितलं, म्हणतो."

सासूबाई म्हणाल्या, "मग आमच्या सुनेनं काय करायचं?"

"माझ्याबरोबर अमळनेरला यायचं. उद्याच्या गाडीने जायचं, संध्याकाळी परत. मी एकटा जाऊन सांगितलं तर तो म्हणेल, आंधळा आता काहीही सांगतोय. दुसरा डोळा हिचा होता. हिने एकदा तोंडाने सांगितलं पाहिजे की पेट्या चांगल्या होत्या. तरच त्याचा हात सुटेल."

"परक्या माणसाबरोबर गाडीत? आणि घरात माझा लेक खाटेवर!" सासूबाईंचा आवाज चढला. "ती कुठे जाऊन नाही राह्यली."

आतून माझे मालक म्हणाले, "आई, तिला विचार. तिला जायचं असेल तर जाऊ दे."

 नाना दाराच्या दिशेने तोंड करून बसले होते, पण नजर थोडी बाजूला, भिंतीवर. त्यांच्याएवढा वेळ मला कुणीच कधी दिला नव्हता. त्यांनी किती मोजलं असेल कोण जाणे, दहाच्या पुष्कळ पुढे गेले असतील. मी चौकट धरून उभी होते. आत लेकाला औषध द्यायचं आहे, असं पुटपुटत सासूबाई उठून गेल्या. मग ओट्यावर नाना आणि दाराआड मी, एवढेच होतो. तेव्हासुद्धा मी बोलले नाही.

नाना उठले. काठीने पायरी चाचपली. "बरं," म्हणाले आणि गेले. अमळनेरला ते गेले का, दगडू भेटला का, त्याने त्यांचं ऐकलं का, मला कळलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात फोरमनने सांगितलं की नाना धुळ्याला धर्मशाळेत वारले.

हे मी माझ्या मुलाच्या जुन्या वहीत मागच्या बाजूने लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही. दगडूला वाचता येत नाही, आणि तो आता कुठे असेल तेही मला ठाऊक नाही. पण माझ्या तोंडून जे निघालं नाही ते हाताने लिहिते.

दगडूभाऊ, सोमवारची ती निळी पेटी गुरुवारीही चांगलीच होती. तिच्यावर ओघळ नव्हता, फोड नव्हता, डाग नव्हता. तिच्या आधीच्याही चांगल्या होत्या. मी बघितल्या होत्या.